चार हात भूमी

नागपुरात इतवारी असो वा वर्धमाननगर, श्वेतांबर परंपरेच्या अनेक घरांत सायंकाळी सामायिकाचे आसन घातले जाते. आसनावर स्थिर होण्यापूर्वी इरियावहियं सूत्र म्हटले जाते. रस्त्याने येता-जाता ज्या जीवांना पीडा पोहोचली, त्यांच्याविषयीचा तो पश्चात्ताप आहे. पायाखाली आलेले बी, हिरवळ, दव, मुंग्यांचे वारूळ, कोळ्याचे जाळे अशा सूक्ष्म गोष्टींचाही त्यात उल्लेख आहे. जीवावर आदळणे, त्याला धुळीने झाकणे, त्याला एका जागेवरून दुसऱ्या जागी फेकणे, अशा पीडेच्या नाना प्रकारांचीही तेथे गणना आहे. ही यादी एकेंद्रियापासून सुरू होते आणि पंचेंद्रियापर्यंत पोहोचते. पंचेंद्रियांत मनुष्यही येतो, ही गोष्ट मात्र पाठ म्हणणाऱ्याच्या मनात क्वचितच उमटते. त्याला मुंगी आठवते, दव आठवते. रस्त्याने चाललेला माणूस आठवत नाही.

वर्धमाननगरातील एका वयोवृद्ध श्रावकाला तो आठवला, पण त्यासाठी एका बाईचा हात मोडावा लागला.

हे गृहस्थ कापडाचा व्यापार मुलांच्या हाती सोपवून निवृत्त झालेले. वय साठीच्या पुढे, स्वभाव सौम्य, रात्रिभोजनाचा त्याग, कंदमुळे वर्ज्य. पावसाळ्यात अंगणात शेवाळ साचले, तर ते वळसा घालून जात. चातुर्मासाच्या आरंभीची सकाळ होती. इतवारीतील उपाश्रयात साध्वीजींचे व्याख्यान सुरू होण्यास दहा मिनिटे उरली होती. स्कूटर काढून ते गल्लीतून सेंट्रल अव्हेन्यूवर आले. तेथे मध्ये दुभाजक आहे. नियमाने जायचे, तर डावीकडे वळून पुढच्या मोकळ्या जागेतून परत फिरावे लागे. चौक उजवीकडे अवघ्या दोनशे पावलांवर दिसत होता. रोज अनेक जण जातात तसे तेही उलट दिशेने निघाले. समोरून एक मोटार आली, म्हणून त्यांनी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली. कडेने एक बाई सायकलवरून येत होत्या. हँडल हँडलला लागले आणि त्या पडल्या.

मनगटाचे हाड मोडले होते. गृहस्थांनी त्यांना स्वतः दवाखान्यात नेले, प्लास्टर होईपर्यंत ते थांबले, औषधांसह सर्व खर्च त्यांनी केला. बाईंनी पोलिसांत तक्रार केली नाही. दुपारी घरी परतल्यावर ते पत्नीला म्हणाले, "प्रकरण मिटले." त्या सायंकाळी ते नेहमीप्रमाणे आसनावर बसले आणि इरियावहियं म्हणू लागले. पन्नास वर्षे ओठांवर असलेले ते शब्द पंचेंद्रियापाशी येऊन अडकले. त्या दिवशी सामायिक पुढे गेले नाही.

प्रकरण कोणाचे मिटले होते? बाई चार घरची धुणीभांडी करीत. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहणार होता. पहिल्या आठवड्यातच दोन घरांनी दुसरी बाई लावली. गृहस्थांनी दवाखान्याचा खर्च दिला होता. पण गेलेली दोन कामे, घरात पाणी भरण्याची अडचण, रात्री ठणकणारे मनगट, यांचा हिशेब त्यांच्या वहीत नव्हता. जमेच्या बाजूला काय होते, तर वाचलेली दोन-तीन मिनिटे. शिवाय ती मिनिटे अहिंसेवरील व्याख्यान चुकू नये म्हणून वाचवायची होती.

चार दिवसांनी त्यांनी साध्वीजींपुढे मन मोकळे केले. "महाराजसाहेब, माझ्या हातून अपघात घडला," असे ते म्हणाले. साध्वीजींनी शांतपणे विचारले, "घडला, की केलात?" या प्रश्नावर त्यांच्याजवळ उत्तर नव्हते.

मराठीत अपघात 'होतो', तो कोणी 'करीत' नाही. पाऊस पडावा, वीज कोसळावी, तसा तो होतो. जैन विचार ही सवलत देत नाही. तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला आरंभीच स्थान दिले आहे. प्रमादयुक्त वर्तनाने प्राणांचा घात होणे, ही हिंसा होय. मारण्याची इच्छा होती की नव्हती, एवढ्यावर तेथे विचार थांबत नाही. सावधपणा होता की नव्हता, हे पाहिले जाते. पूर्ण जागरूकतेने पाऊल टाकणाऱ्या साधूच्या पायाखाली अकस्मात एखादा जीव आला, तर त्याला हिंसेचा दोष लागत नाही, असे आचार्य सांगतात. उलट बेसावधपणे चालणाऱ्याच्या पायाखाली काही आले नाही, तरी तो दोषमुक्त नसतो. उलट दिशेने दररोज सुखरूप जाणाऱ्याला या विचाराने अस्वस्थ व्हायला हवे. त्याच्याकडून अद्याप कोणी पडले नाही, हे त्याचे पुण्य नव्हे; समोरच्याने स्वतःला सावरले, एवढाच त्याचा अर्थ.

शास्त्रात प्रमादाचे पाच प्रकार प्रसिद्ध आहेत : मद्य, विषय, कषाय, निद्रा आणि विकथा. ही यादी आजच्या रस्त्यावर ठेवून पाहिली, तर ती जणू वाहनचालकासाठीच केली असावी, असे वाटते. मद्याविषयी जैन घरात अधिक सांगण्याची गरज पडू नये. विषय म्हणजे इंद्रियांची ओढ. रस्त्यावरून नजर काढून फलकाकडे, दुकानाकडे, पडद्यावरील चित्राकडे नेणारी. कषायांत क्रोध आणि मान आले. कोणी पुढे गेला, की त्याच्या पुढे जाण्याची ईर्ष्या आणि कोणी भोंगा वाजवला, की त्याला धडा शिकवण्याची इच्छा, ही त्यांची रूपे आहेत. विकथा म्हणजे निरर्थक बोलणे. खांदा आणि कान यांच्यामध्ये मोबाइल दाबून, मान वाकडी करून स्कूटर चालवणारा माणूस पाहिला, की विकथेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

राहिली निद्रा. तिची आठवण नागपूरकरांना समृद्धी महामार्गाने करून दिली. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला, तेव्हा शहराला मोठा आनंद झाला. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. दुर्घटनेच्या कारणांविषयी अनेक मते मांडली गेली. मात्र लांबच लांब, सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाचे डोळे उघडे असूनही मन झोपी जाते, ही गोष्ट त्यानंतर घरोघरी बोलली जाऊ लागली. रस्ता उत्तम असणे, एवढ्याने चालक जागा राहत नाही.

आकडे पाहिले, की प्रमादाची किंमत कळते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. म्हणजे दररोज सरासरी ४६२. महाराष्ट्रातील मृतांची संख्या १५,२२४ होती. देशातील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाशी निगडित होते. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मरण पावले, त्यांत मागे बसलेले १४,३३७ होते. रस्ते वाहतूक मंत्रालयाचा कारभार २०१४ पासून नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांच्याकडे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनीच लोकसभेत मान्य केले, की अपघात कमी झालेले नाहीत आणि आंतरराष्ट्रीय परिषदांत या विषयावर तोंड लपवावेसे वाटते. मंत्र्याने तोंड लपवावे आणि नागरिकाने उलट दिशेने जावे, असे किती दिवस चालणार?

रस्त्याची रचना सदोष असते, खड्डे असतात, दिवे बंद असतात, हे खरे आहे. त्याबद्दल शासनाला आणि महापालिकेला जाब विचारलाच पाहिजे. परंतु स्वतःच्या प्रमादाची जबाबदारी खड्ड्यावर टाकता येत नाही. खड्डा दिसेपर्यंत थांबता यावे, इतकाच वेग ठेवणे चालकाच्या हाती असते. येथेच इर्यासमितीचा विचार करावा लागतो.

पाच समितींमध्ये इर्यासमिती पहिली. श्वेतांबर असोत वा दिगंबर, साधू-साध्वी पुढची सुमारे चार हात भूमी पाहत चालतात. चारच हात का? पायी चालणाऱ्याला तेवढ्या अंतरात पाऊल आवरता येते म्हणून. जितकी भूमी नीट पाहिली, तितक्यातच थांबता आले पाहिजे, हे या नियमाचे मर्म आहे. वाहनावर बसताच हे चार हात लांबतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात अकरा मीटर पुढे जाते. ताशी ६० किलोमीटरला जवळजवळ सतरा मीटर. या वेगात मोबाइलवरचा निरोप पाहण्यासाठी दोन सेकंद नजर खाली गेली, तर तेहतीस मीटर, म्हणजे सत्तर हातांहून अधिक भूमी न पाहता ओलांडली जाते. तेवढ्या भूमीत एक शाळकरी मूल, एक कुत्रा, एक सायकल सहज मावते. वेग दीडपट झाला, तर आघाताची ऊर्जा सव्वादोनपट होते. आणि लाभ काय? शहरातील सहा किलोमीटरच्या अंतरात ४० ऐवजी ६० चा वेग संपूर्ण वाट राखता आला, तरी वाचतात तीन मिनिटे. प्रत्यक्षात पुढच्या सिग्नलवर तीही संपतात.

मनुष्याची ही उणीव भरून काढण्यासाठी नागपुरात यंत्राचेही साहाय्य घेतले गेले आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये येथे 'आय-रास्ते' प्रकल्प सुरू झाला. त्यात महापालिकेच्या बसगाड्यांवर समोरचा धोका ओळखून चालकाला सूचना देणारी यंत्रणा बसवण्यात आली. यंत्राने पुढची भूमी पाहावी आणि माणसाला सावध करावे, ही एका अर्थाने इर्यासमितीचीच आधुनिक सोय. पण यंत्राचा इशारा ऐकून पाय ब्रेकवर ठेवायचा तो माणसानेच. शहरातील चौकांत 'जनआक्रोश' या संस्थेचे ज्येष्ठ कार्यकर्ते फलक हाती घेऊन उभे राहतात आणि थांबण्याच्या रेषेमागे राहण्याची विनंती करतात. त्यांच्याकडे पाहून हसणारे तरुण असतात; मान खाली घालून स्कूटर मागे घेणारेही असतात. निवृत्तीचा काळ कसा घालवावा, या प्रश्नाचे हे एक चांगले उत्तर आहे.

श्रावकाच्या व्रतांतही या विषयाचे मार्गदर्शन सापडते. अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण आहे. बैलावर, घोड्यावर झेपेल त्याहून अधिक ओझे लादणे, हा त्याचा मूळ अर्थ. स्कूटरवर पती-पत्नी आणि दोन मुले, ऑटोरिक्षात कोंबलेली शाळकरी बालके, दप्तरे बाहेर लोंबत असलेली, हाही अतिभारच. ओझे यंत्रावर असले, तरी जीव त्या मुलांचा टांगलेला असतो. अनर्थदंडाच्या प्रकारांत हिंसादान आहे : ज्याने घात होऊ शकतो, असे साधन दुसऱ्याच्या हाती देणे. जुन्या ग्रंथांत शस्त्र, विष, अग्नी यांची उदाहरणे येतात. दहावीत चांगले गुण मिळवलेल्या मुलाच्या हाती मोटारसायकलची किल्ली देणारा पिता याहून वेगळे काय करतो? २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन चालकाकडून गुन्हा घडला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. कायद्याने आता हे सांगितले. व्रताने ते फार पूर्वीच सांगितले होते.

या विषयात समाजाचे स्वतःचे एक दुःख आहे. आयुष्यभर चार हात भूमी पाहून चालणारे साधू-साध्वी विहारात असताना महामार्गावर वाहनाच्या धडकेने कालवश झाल्याच्या बातम्या वारंवार येतात. संघाची सभा होते, श्रद्धांजली वाहिली जाते, सरकारला निवेदन दिले जाते. हे सारे योग्यच आहे. विहारात सोबत चालणारी तरुण मंडळी, चकाकणारी जाकिटे, पहाटेच्या अंधारात विजेऱ्या, या व्यवस्थाही अनेक ठिकाणी उभ्या राहिल्या आहेत. पण त्याच संघातील मोटारी दर्शनासाठी कशा धावतात, हेही पाहायला हवे. पर्युषणात इतवारीच्या अरुंद गल्ल्यांत दुहेरी रांगा लावून गाड्या उभ्या केल्या जातात. त्या वेळी एखाद्या घरातून रुग्णाला बाहेर काढायचे झाले, तर रुग्णवाहिका आत कशी येईल? धर्मस्थळाच्या दारातील रस्ता हीदेखील कोणाच्या तरी जीवनाची वाट आहे.

नागपूरचे शेकडो जैन बांधव रामटेकच्या शांतिनाथ दिगंबर मंदिराच्या दर्शनाला जबलपूर महामार्गाने जातात. त्याच महामार्गावर, रामटेकचा फाटा सोडून पुढे देवलापारच्या परिसरात, ऑगस्ट २०२५ मध्ये रक्षाबंधनाच्या दिवशी एका ट्रकने मोटारसायकलवरील पत्नीचा जीव घेतला. ट्रक थांबला नाही. पतीने येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात जोडले. कोणी थांबले नाही. अखेर त्याने पत्नीचा मृतदेह मोटारसायकलला बांधला आणि तो निघाला. ते दृश्य देशभर पाहिले गेले. ट्रकचा चालक पुढे पोलिसांना सापडला. न थांबलेल्यांचा शोध कोणी घेतला नाही, कारण तो कायद्याचा विषय नव्हता.

मदतीला न थांबण्यामागे पोलीस आणि न्यायालयाची भीती असते. ही भीती आता निराधार आहे. जखमीला मदत करणाऱ्याचे रक्षण करणारे नियम २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्यांना कायद्यात स्थान मिळाले. मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही, नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. १०८ वर रुग्णवाहिकेसाठी फोन करणे, इतके तरी प्रत्येकाला जमते. जीवांनी परस्परांना उपकारक व्हावे, हे तत्त्व समाजाच्या प्रत्येक पत्रिकेवर छापलेले असते. त्याची परीक्षा पत्रिकेवर होत नाही. ती रस्त्याच्या कडेला होते.

संवत्सरीचा दिवस आला. वर्धमाननगरातील त्या गृहस्थांच्या मोबाइलवर सकाळपासून 'मिच्छामि दुक्कडम्'चे संदेश येत होते. दरवर्षी तेही तीनशे जणांना संदेश पाठवीत. त्यांतील बहुतेकांचा त्यांनी कोणताच अपराध केलेला नसे. या वर्षी त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला आणि चालत बाईंच्या वस्तीत गेले. प्लास्टर नुकतेच निघाले होते. त्यांना दारात पाहून बाई गोंधळल्या, पोरीकडून खुर्ची मागवली. गृहस्थ बसले नाहीत. हात जोडून म्हणाले, "ताई, त्या दिवशी चूक माझी होती. मी उलट बाजूने आलो. मला क्षमा करा." मोडलेल्या दोन कामांच्या भरपाईची रक्कम त्यांनी पुढे केली. नवे काम मिळेपर्यंत ती देत राहण्याचे त्यांनी घरात आधीच ठरवले होते.

बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हात आता बरा हाये जी काकाजी. पण एक सांगते. माही पोरगी आता त्याच रस्त्यानं सायकलनं शाळेत जाते. तुमी पाहून चालवजा. अन् तुमच्या देवळातल्या लोकाइले बी सांगजा."

क्षमेच्या बदल्यात त्या माउलीने एवढेच मागितले. पुढच्या रविवारी व्याख्यानानंतर गृहस्थांनी हा सारा प्रसंग सर्वांसमोर सांगितला. आपली चूक चारचौघांत सांगताना त्यांचा आवाज कापत होता. मग त्यांनी साध्वीजींकडून चातुर्मासाचे नियम घेतले : उलट दिशेने जायचे नाही, चालवताना मोबाइलला हात लावायचा नाही, हेल्मेटशिवाय स्कूटर सुरू करायची नाही, नातवाला परवाना मिळेपर्यंत किल्ली द्यायची नाही आणि रस्त्यात कोणी पडलेले दिसले, तर थांबायचे. त्या दिवशी अकरा जणांनी उभे राहून हेच नियम घेतले. उपवासाच्या नियमापेक्षा हे नियम जड आहेत, असे त्यांतील एक जण नंतर म्हणाला. कारण ते दिवसातून अनेकदा मोडण्याचा मोह होतो.

आता ते गृहस्थ घरातून दहा मिनिटे आधी निघतात. गल्लीच्या तोंडाशी डावीकडे वळतात आणि वळसा घालून येतात. सकाळी शाळेच्या वेळी सायकलींची रांग समोरून येते. त्यांतली ती मुलगी कोणती, हे त्यांना ओळखता येत नाही. म्हणून ते प्रत्येक सायकल पाहून चालवतात.